मोजणी दोघांची, वाटणी अर्धी-अर्धी : बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडची गोष्ट



समुद्राचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर जहाजं येतात, आरमारं येतात, बंदरं येतात. पाण्याखालच्या माशालाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो राजकारणाचाच इतिहास असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही एका माशाची गोष्ट घेऊन आलो आहोत. मासा कॉड. समुद्र बॅरेंट्स, म्हणजे नॉर्वे आणि रशिया यांच्या उत्तरेला ध्रुवाच्या दिशेनं पसरलेलं थंड पाणी.

प्रश्न अगदी साधा आहे. एकच मासा दोन देशांच्या पाण्यात फिरतो. त्या दोन देशांचं आपसात पटत नाही. मग तो मासा राखायचा कोणी? जगात बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एकच निघालं : कोणीच नाही. ज्याचं जाळं आधी पडलं, त्याचा मासा. मी थांबलो तर शेजारी उचलणार, मग मी तरी का थांबू, हा हिशेब सगळ्यांनाच कळतो.

बॅरेंट्स समुद्रात मात्र उत्तर वेगळं निघालं. तेही कधी, तर शीतयुद्ध ऐन भरात असताना. एका बाजूला नॉर्वे, १९४९ मध्ये नाटो स्थापन करणाऱ्या देशांपैकी एक. दुसऱ्या बाजूला सोव्हिएत संघ, ज्याच्या उत्तरी आरमाराच्या अणुपाणबुड्या याच पाण्यातून ये-जा करत होत्या. या दोघांनी एकाच टेबलावर बसून मासा मोजला आणि निम्मा-निम्मा वाटून घेतला. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ, हाच कॉड संपत आला होता. तिथं तर तो जवळजवळ एकट्या कॅनडाच्याच पाण्यात होता. या दोन गोष्टी आज शेजारी-शेजारी ठेवून बघू.

आधी मासा समजून घेऊ, कारण राजकारणाचं मूळ त्यातच आहे. बॅरेंट्समधला कॉड वीण करण्यासाठी दर हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याला, मुख्यतः लोफोटेन बेटांजवळ येतो. जानेवारी ते एप्रिल हा तिथला हंगाम. मोठी मादी लाखो अंडी सोडते. त्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर उत्तरेला आणि पूर्वेला वाहत जातात आणि बॅरेंट्स समुद्रात वाढतात. त्यातला मोठा भाग रशियाच्या बाजूला असतो. सहा-आठ वर्षांनी मासा वयात आला की तो पुन्हा लोफोटेनच्या वाटेला लागतो.

म्हणजे बघा, माहेर नॉर्वेत आणि बालपण बरंचसं रशियाच्या पाण्यात. रशियानं पिल्लंच उचलली, तर लोफोटेनला येणार कोण? आणि नॉर्वेनं वीण करणारे मासेच संपवले, तर रशियाच्या पाण्यात पिल्लं पोचणार कुठून? दोघांच्याही हातात एकमेकांची नाडी होती. हा कॉड नॉर्वेच्या लोकांना नवा नव्हता. आपल्याकडे बोंबील वाळवतात, तसा ते कॉड मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवत आले. या सुक्या कॉडच्या व्यापारावर मध्ययुगात बर्गेन शहर श्रीमंत झालं.

एकोणिसाव्या शतकात मात्र विद्वानांनाही वाटत होतं की समुद्रातला मासा संपूच शकत नाही. १८८३ मध्ये लंडनला मासेमारीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं थॉमस हक्सले या नामांकित जीवशास्त्रज्ञानं कॉड आणि हेरिंगसारख्या मोठ्या सागरी मासेमाऱ्या अक्षय आहेत असं मत मांडलं. त्या काळच्या होड्या आणि जाळी बघता ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण वाफेवर चालणारे ट्रॉलर तेव्हा नुकतेच पाण्यात उतरू लागले होते. वीसेक वर्षांत उत्तर समुद्रातली परिस्थिती बदलली आणि मासा कमी झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

मग १९०२ मध्ये कोपनहेगनला एक संस्था स्थापन झाली, समुद्र-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद. तिच्या पहिल्या सभासदांत ब्रिटन, जर्मनी, नॉर्वे यांच्याबरोबर झारचा रशियाही होता. मुर्मान्स्कच्या किनाऱ्यावर निकोलाय क्निपोविच यांची शास्त्रीय मोहीम १८९८ पासूनच चालू होती. नॉर्वेत योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये एक मोठी गोष्ट दाखवून दिली. झाडाच्या खोडावर वर्षांची वलयं असतात, तशी माशाच्या खवल्यावरही असतात. त्यावरून वय कळतं. हेरिंग मोजताना त्यांना दिसलं की १९०४ या एकाच सालात जन्मलेली पिढी पुढची कित्येक वर्षं जाळ्यात येत राहिली. म्हणजे मासा दरवर्षी सारखा होत नाही. एखादं साल भरभरून देतं आणि मग अनेक सालं कोरडी जातात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण माशाच्या बाबतीत ते सिद्ध करावं लागलं.

याचा अर्थ काय? यंदा जाळं भरलं म्हणजे समुद्रात मासा भरपूर आहे, असं नव्हे. कदाचित आपण एकाच चांगल्या सालची पुंजी खात असू. ती पुंजी किती उरली हे कळायला समुद्र मोजावा लागतो. आणि मासा दोन देशांत फिरत असेल तर दोघांनाही मोजावं लागतं. आजच्या सगळ्या गोष्टीचा खिळा इथं आहे. हे ध्यानात ठेवा.

मोजणी सुरू झाली, पण ती मानायची कोणी? दुसऱ्या महायुद्धात उत्तर समुद्रात मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्ध संपलं तेव्हा मासा वाढलेला होता. पहिल्या महायुद्धानंतरही हेच दिसलं होतं. एवढा ढळढळीत पुरावा समोर असूनही देशांना आवर घालता येईना. १९४६ मध्ये लंडनला अतिमासेमारीवर परिषद झाली, १९५९ मध्ये ईशान्य अटलांटिकचा करार झाला. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, किती असावा यावर नियम ठरले. पण एखाद्या देशाला नियम नको असेल तर त्यानं हरकत घ्यावी आणि मोकळं व्हावं, अशी सोयही करारातच होती. शिवाय किनाऱ्यापासून थोड्याच अंतरापलीकडे समुद्र सगळ्यांचा होता. १९५४ मध्ये ब्रिटननं पहिलं मोठं कारखाना-जहाज पाण्यात उतरवलं, ज्यावर मासा पकडायचा, साफ करायचा आणि तिथंच गोठवायचा. सोव्हिएत संघानं त्या धर्तीवर जहाजांचे ताफेच्या ताफे उभे केले. आता मासा घेऊन रोज बंदरात परतायचीही गरज उरली नाही.

आइसलंडनं यावर आपला उपाय काढला. आधी १२ मैल, मग १९७२ मध्ये ५० मैल, मग १९७५ मध्ये २०० सागरी मैल. एवढं पाणी आमचं, इथं परक्यांनी यायचं नाही. ब्रिटननं आपल्या ट्रॉलरच्या रक्षणाला युद्धनौका पाठवल्या. आइसलंडच्या छोट्या गस्ती बोटी ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांचे दोर कापत फिरल्या. यालाच ‘कॉड युद्धं’ म्हणतात. १९७६ च्या जूनमध्ये ब्रिटननं माघार घेतली. तोपर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या परिषदेतही वारं २०० मैलांच्याच बाजूनं वाहू लागलं होतं. नॉर्वे, कॅनडा, सोव्हिएत संघ या सगळ्यांनी १९७७ च्या सुमारास २०० मैलांच्या हद्दी जाहीर केल्या. आपल्या संसदेनंही १९७६ मध्ये तसा कायदा केला आणि १९७७ च्या जानेवारीपासून भारताचंही २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र अस्तित्वात आलं.

आता कॅनडाकडे वळू. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर युरोपातले लोक पाचशे वर्षं कॉड मारत होते. पण १९६० च्या दशकात कारखाना-जहाजं आली आणि १९६८ साली तिथल्या उत्तरी कॉडची पकड सुमारे आठ लाख टनांवर पोचली. मग ती कोसळत गेली. १९७७ मध्ये कॅनडानं २०० मैलांची हद्द घातली आणि परकी जहाजं बाहेर काढली. लोकांना वाटलं, आजार गेला. परकेच मासा नेत होते, आता ते गेले, आता मासा आपला.

आणि इथंच घात झाला. सरकारी मदतीनं देशी ट्रॉलर वाढले, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने वाढले. साठा किती आहे याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधत होते, पण त्यात मोठ्या ट्रॉलरला किती मासा मिळतो या आकड्यांवर बराच भर होता. मासा विरळ झाला तरी उरलेला थव्यानं एकत्र राहतो, आणि आधुनिक यंत्रं असलेला ट्रॉलर तो थवा बरोबर शोधून काढतो. त्यामुळे ट्रॉलरची पकड चांगली दिसत राहिली आणि साठाही चांगला आहे असं वाटत राहिलं. किनाऱ्याजवळ छोट्या होडीतून मासेमारी करणारे लोक १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की मासा कमी येतोय, आणि येतो तो लहान येतोय. त्यांचं म्हणणं वेळेवर हिशेबात धरलं गेलं नाही. प्रत्यक्षात साठा अंदाजापेक्षा पुष्कळ कमी होता. त्यात पाणी नेहमीपेक्षा थंड झालं, त्यानंही भर घातली.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरी कॉडची मासेमारी बंद केली. दोन वर्षांसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं. सुमारे तीस हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. पाचशे वर्षं ज्या मासळीवर गावं वसली, ती गावं ओस पडू लागली, तरुण पोरं पश्चिमेकडे कामाला निघून गेली. ती दोन वर्षं बत्तीस वर्षांवर गेली. २०२४ मध्ये व्यापारी मासेमारी पुन्हा उघडली, ती १८ हजार टनांच्या कोट्यावर. कुठे आठ लाख आणि कुठे अठरा हजार!

म्हणजे हद्द आखली, परके हाकलले, घर एकट्याचं झालं, तरी मासा वाचला नाही. कुंपण घातल्यानं मोजणी बरोबर होत नाही.

आता बॅरेंट्सकडे परत येऊ. इथं कुंपण घालणंच अवघड होतं, कारण सीमा कुठून जाते यावरच भांडण होतं. नॉर्वे म्हणे मध्यरेषा धरा, सोव्हिएत संघ म्हणे ध्रुवाकडे जाणारी सरळ रेषा धरा. या दोन रेषांमध्ये सुमारे पावणेदोन लाख चौरस किलोमीटर पाणी अडकलेलं होतं. हा वाद चाळीस वर्षं चालला. ‘आधी सीमा ठरवू, मग माशाचं बघू’ असं धोरण धरलं असतं तर मासा तोवर संपला असता.

त्यांनी क्रम उलटा लावला. एप्रिल १९७५ मध्ये दोन्ही देशांनी मासेमारीतल्या सहकार्याचा करार केला आणि १९७६ पासून त्यांचा संयुक्त मत्स्य आयोग दरवर्षी भरू लागला. नॉर्वेकडून सागरी कायद्याचे मंत्री येन्स एव्हेन्सन यांनी हे काम पुढे रेटलं. कॉड आणि हॅडॉक हे मासे निम्मे-निम्मे, आणि कॅपलिन या लहान माशात नॉर्वेचा वाटा थोडा जास्त, अशी वाटणी ठरली. कोणाचा किनारा लांब, कोणाच्या पाण्यात मासा जास्त दिवस राहतो, यावर वाद घालत बसले असते तर वर्षं गेली असती. निम्मं-निम्मं हे दोघांना लगेच कळणारं होतं. वाटणीचा वाद संपला, तेव्हा एकूण किती मारायचा या खऱ्या प्रश्नाकडे लक्ष द्यायला जागा झाली. वादग्रस्त पाण्यासाठी १९७८ मध्ये तात्पुरती सोय केली : त्या पट्ट्यात प्रत्येकानं आपापली जहाजं तपासायची, दुसऱ्याच्या जहाजाला हात लावायचा नाही. ही तात्पुरती सोय दरवर्षी नव्यानं सही करून तीसहून अधिक वर्षं चालवली. सीमेचा करार शेवटी १५ सप्टेंबर २०१० रोजी मुर्मान्स्कला झाला आणि वादातलं पाणी जवळजवळ समसमान वाटलं गेलं.

दुसरी शहाणपणाची गोष्ट अशी की प्रत्येकाला आपला वाटा दुसऱ्याच्या पाण्यातही पकडायची मुभा दिली. वरवर पाहता हे विचित्र वाटतं. ज्याच्याशी वैर, त्याचीच जहाजं आपल्या हद्दीत येऊ द्यायची? पण मोठा, वजनदार मासा नॉर्वेच्या बाजूला मिळतो आणि रशियाच्या बाजूला लहान. रशियाला आपला वाटा आपल्याच पाण्यात भरायला लावला असता, तर पिल्लंच मारली गेली असती. एक टन मासा भरायला ढीगभर पिल्लं लागतात की त्याहून कितीतरी कमी मोठे मासे, त्यावर पुढच्या पिढीचं भवितव्य ठरतं.

आणि तिसरी, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजणी. बर्गेनची समुद्र संशोधन संस्था आणि मुर्मान्स्कची क्निपोविच यांच्या नावाची संस्था यांच्या शास्त्रज्ञांची ये-जा आयोगाच्या आधीपासून, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून होती. १९६५ पासून माशांच्या नव्या पिल्लांची पाहणीही एकत्र होऊ लागली. दोन्हीकडची जहाजं ठरलेल्या वाटांनी जायची, तशीच जाळी टाकायची, आकडे एकमेकांना द्यायची. त्यामुळे आयोगाच्या टेबलावर ‘तुमचे आकडे’ आणि ‘आमचे आकडे’ असं भांडण फार उरत नसे. आकडे दोघांचेच असायचे.

हे सगळं मैत्रीतून झालं असं कृपा करून समजू नका. १९८४ च्या जानेवारीत आर्ने त्रेहोल्ट नावाच्या नॉर्वेच्या अधिकाऱ्याला ऑस्लोच्या विमानतळावर अटक झाली. तो एव्हेन्सन यांचा जवळचा सहकारी होता आणि सागरी कायद्याच्या वाटाघाटींत वावरलेला होता. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल त्याला पुढच्या वर्षी वीस वर्षांची शिक्षा झाली. एवढा मोठा विश्वासघात उघड झाला, तरी मत्स्य आयोगाची बैठक बंद पडली नाही. कारण ती विश्वासावर उभीच नव्हती. दर शरद ऋतूत पुढच्या वर्षाचा कोटा ठरवावाच लागे. तो नाही ठरला तर दोघांचंही नुकसान, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाली. कॅपलिन हे कॉडचं मुख्य खाद्य. १९८६ च्या सुमारास कॅपलिनचा साठा कोसळला. भुकेला कॉड वाढेना, मोठा कॉड लहान कॉडला खाऊ लागला. भुकेले सील नॉर्वेच्या किनाऱ्याला झुंडीनं आले आणि जाळ्यांत अडकून मेले. कॉडचा कोटा मात्र काही वर्षं चांगल्या सालांच्या भरवशावर मोठा ठेवला होता. म्हणजे चुका इथंही झाल्या. पण १८ एप्रिल १९८९ रोजी ऐन हंगामात नॉर्वेनं किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी थांबवली. पकडलेला कॉड आणि हॅडॉक पाण्यात परत टाकायला १९८७ पासूनच बंदी केली होती, म्हणजे लहान मासा गुपचूप फेकून कागदावर फक्त मोठा दाखवायची पळवाट बंद झाली. १९९० च्या कोट्याला दोन्ही देशांनी जबर कात्री लावली. पुढच्या काही वर्षांतच साठा सावरला. न्यूफाउंडलंडला दार लागलं त्याच सुमारास बॅरेंट्समध्ये दार पुन्हा उघडत होतं.

पुढे सोव्हिएत संघच कोसळला. १९९० नंतर रशियाच्या ट्रॉलरवर खासगी कंपन्यांचा ताबा आला आणि डॉलरसाठी मासा विकण्याची घाई सुरू झाली. २००० नंतर तर भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात मासा भरायचा, थेट युरोपच्या बंदरात उतरवायचा आणि त्याची नोंदच करायची नाही, असे प्रकार वाढले. काही वर्षी ही चोरी एक लाख टनांच्या घरात गेल्याचे अंदाज होते. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘इलेक्ट्रॉन’ या रशियन ट्रॉलरवर नॉर्वेचे दोन निरीक्षक तपासणीला चढले आणि ट्रॉलरचा कप्तान त्यांना घेऊनच मुर्मान्स्ककडे पळत सुटला. मागे नॉर्वेची तटरक्षक जहाजं, समोर वादळ. दोन देशांत याहून लहान कारणांवर तोफा डागल्या गेल्या आहेत. इथं मात्र निरीक्षक सुखरूप परत आले आणि कप्तानावर खटला रशियातच चालला.

चोरी थांबली ती समुद्रात पाठलाग करून नव्हे. मे २००७ पासून ईशान्य अटलांटिकच्या देशांनी नियम केला की परक्या जहाजाचा गोठवलेला मासा बंदरात उतरवण्याआधी त्याच्या स्वतःच्या देशानं लेखी सांगायचं, की हो, हा मासा कोट्यातलाच आहे. सांगितलं नाही तर मासा उतरणार नाही. दोन वर्षांत नोंदीबाहेरची पकड जवळजवळ संपली. २०११ पासून जाळ्याचा आसही एक झाला. नॉर्वेचा होता १३५ मिलिमीटर, रशियाचा १२५. ठरला किती? १३०. वाटणी निम्मी, तसा आसही मधला! २०१३ साली कॉडचा कोटा दहा लाख टनांवर गेला. जगातला सगळ्यांत मोठा कॉडचा साठा तेव्हा या पाण्यात होता.

गोष्ट इथं संपवली असती तर फार गोड झाली असती, पण ती पुरी झाली नसती. एक म्हणजे, या यशात निसर्गाचाही हात होता. त्या वर्षांत पाणी थोडं गरम झालं आणि कॉडला चरायला मोठं रान मिळालं. दुसरं म्हणजे, सगळ्यांना सारखा न्याय मिळाला नाही. १९९० मध्ये नॉर्वेनं होडीनिहाय कोटे दिले ते आधीच्या वर्षांत कोणी किती मासा आणला यावरून. ज्यांनी आधीच कमी पकडला होता, ते छोट्या होड्यांचे लोक बाहेर राहिले. त्यात उत्तरेकडच्या खाड्यांवर पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणारे सामी लोक होते. साठा कोणी संपवला आणि किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तिथं अजून निघतो. मासा राखणं आणि मच्छीमार राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आणि तिसरं, आजचं. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. १९०२ च्या त्या परिषदेनं मार्चमध्ये रशियाचा सहभाग स्थगित केला. नॉर्वेनं बहुतेक बंदरं रशियाच्या जहाजांना बंद केली, मासेमारीच्या जहाजांसाठी तेवढी ट्रोम्सो, किर्केनेस आणि बॉट्सफ्योर्ड ही तीन उघडी ठेवली. संयुक्त आयोग मात्र मोडला नाही. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी आकडे एकत्र मांडणं चालू ठेवलं आणि कोटा दरवर्षी ठरत राहिला. साठा पुन्हा उतरणीला लागला आहे. २०२५ चा कोटा ३ लाख ४० हजार टन ठरला, १९९१ नंतर तोवरचा सर्वांत कमी. म्हणजे युद्ध चालू असताना, निर्बंध चालू असताना, दोघांनीही आपापल्या लोकांना ‘यंदा कमी मारा’ असं सांगितलं. हे सोपं नाही.

कॅनडालाही हा धडा वेगळ्या वाटेनं गिरवावा लागला. ९ मार्च १९९५ रोजी कॅनडानं २०० मैलांच्या बाहेर ‘एस्ताई’ या स्पॅनिश ट्रॉलरवर गोळीबार करून तो पकडला. त्याचं जाळं न्यूयॉर्कला नेऊन संयुक्त राष्ट्रांसमोर टांगून दाखवलं, की बघा, आस किती बारीक आहे. पण बंदुकीनं प्रश्न सुटत नाही हे त्यालाही कळत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हद्दी ओलांडणाऱ्या माशांविषयी संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर झाला. आकडे एकमेकांना द्या, शंका असेल तिथं कमी मारा, एकत्र नियम करा, असा त्याचा गाभा आहे. बॅरेंट्समध्ये जे वीस वर्षं चाललं होतं, तेच आता जगाला सांगितलं गेलं. भारत २००३ मध्ये या करारात सामील झाला.

आता शेवटी आपल्या पाण्याकडे येऊ. पापलेट, सुरमई, घोळ हे मासे सीमा बघून पोहत नाहीत. महाराष्ट्र, गुजरात आणि पलीकडे सिंध, हा सगळा अरबी समुद्राचाच एक काठ आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. चांगलं पाऊल आहे. पण इथं सोडलेलं पिल्लू पलीकडे बारीक आसाच्या जाळ्यात गेलं, तर सातपाटीच्या कोळ्यानं तरी नियम किती दिवस पाळावा?

भारत आणि पाकिस्तान यांच्यातही सर खाडीपासून सागरी सीमेचा वाद आहे. तिथं मासा मोजणारा संयुक्त आयोग नाही. दोन्ही देश एकमेकांना एक गोष्ट मात्र नियमानं देतात : २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या. त्यांत मच्छीमारांची वेगळी यादी असते. आपल्या पालघर जिल्ह्यातले डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. बोट सीमेपलीकडे सापडली की तेही कराचीच्या तुरुंगात जातात. मासा कमी झाला की बोट लांब जाते, आणि लांब गेली की सीमा ओलांडली जाते. म्हणजे न मोजलेल्या माशाची किंमत शेवटी ज्याची होडीसुद्धा स्वतःची नाही, त्या खलाशाचं घर भरतं.

बॅरेंट्सची व्यवस्था उचलून इथं आणता येईल, असं आमचं म्हणणं नाही. तिथं एक मासा आणि दोन मालक. इथं शेकडो जाती, हजारो होड्या आणि लाखो पोटं. पण त्या इतिहासातून एक गोष्ट घेता येते. नॉर्वे आणि रशियानं आधी मैत्री केली आणि मग मासा मोजला, असं झालं नाही. सीमा ठरेपर्यंतही ते थांबले नाहीत. भांडण होतं तिथंच ठेवलं आणि शास्त्रज्ञांची दोन जहाजं एका वाटेनं पाठवली. सुरुवात एवढीच होती. दर वर्षाला दोन वेळा कैद्यांची यादी देता येते, तर माशांची एक यादी देता येणार नाही, असं मानायला आम्हांला तरी कारण दिसत नाही.

आम्ही इथं थांबतो.